कँपात जायचं

सोनईत उंदीर मरून पडायला लागले तसा गावचा कोतवाल गोरक्षनाथ दवंडी देत फिरला, "आजच्या आज गाव सोडा! माळावर कँप पडलाय, समद्यांनी कँपात चला!"

दयाच्या सासूनं, मरियाबाईनं, कँप एवढंच ऐकलं आणि उंबऱ्यातच बसकण मारली. "मी न्हाई यायची."

दयाला राग आला. मिशनच्या शाळेत बाईंनी तिला शिकवलं होतं, कँप म्हणजे तंबू, मुक्काम. नवरा प्रभुदास नगरच्या कँपात गोऱ्या पलटणीची भांडी घासायचा. त्या कँपावर तर घरची चूल पेटत होती. लढाई सुरू झाल्यापासून तिकडेच म्हणे परमुलखातल्या कैद्यांचा तारेआडचा कँपही होता. पण मरियाबाईचा कँप निराळाच. मागं प्लेग आला तेव्हा शिपायांनी तिच्या नवऱ्याला कँपात नेलं. तो पुन्हा दिसला नाही, माती द्यायलाही मिळाला नाही.

"आत्याबाई, ह्यो तसला कँप न्हाई. मोकळ्या रानात खोपी हायेत नुसत्या. समदी आळी गेली."

"जाऊ दे की. मला काय आळीसंगं लगीन लावायचंय?"

"तुमच्या हट्टापायी माझ्या लेकराला काय झालं म्हंजे?"

"त्याला घे अन् नीघ. वटवट करू नगं."

कडेवरच्या शलमोननं आजीकडं दोन्ही हात पसरले. एरवी हात पिठात असले तरी ती त्याला ओढून घ्यायची. आज तिनं हात पदराखाली लपवले. रुसलीय म्हातारी, असं वाटून दयानं तिला उठवायला मनगट धरलं. ते तव्यासारखं भाजत होतं. मरियाबाई अर्धी उठली, जांघेत कळ आली तशी ओठ चावून परत खाली बसली.

"कवापासनं?"

"काल सांजच्याला गाठ आली. तवापासनं त्याला शिवले न्हाई गं. देवाशपथ न्हाई."

"मी ऱ्हाते. तुमाला पाणी कोण देईल?"

"माठ भरून उशाला ठेव अन् सूट. तू ऱ्हाशील तर त्यो बी ऱ्हाईल. खुळी का काय!"

दयानं माठ भरला. वाकळ पसरली. आणखी काय करावं ते सुचेना. पोर आजीसाठी आकांत करत होतं.

"दार ओढू नगं," मरियाबाई म्हणाली. "ऊन येऊ दे."

माळावर डॉक्टरांनी दोघांनाही टोचलं. घरी आजारी माणूस आहे म्हटल्यावर, उद्या गाडी पाठवू, म्हणाले.

खोपीत दयानं शलमोनला उताणं निजवलं. त्याच्या काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या. त्याला गुदगुल्या झाल्या. तो खिदळला. तिला खात्री वाटेना, तिनं पुन्हा बोटं फिरवली. उजेड होता तोवर ती चाचपत राहिली, आणि तो हसत राहिला.