येते म्हणजे जाते

"मंजूषा, तू शिकवतेस त्या गावाचं नाव काय म्हणालीस?"

"हो."

"अगं, नाव विचारतोय."

"हो! नावच 'हो' आहे. घानातलं हो."

हा विनोद आमच्या घरी पाहुणे आले की होतोच. दिलीप मुद्दाम विचारतो, मी मुद्दाम चिडते आणि पाहुणे हसतात. शाळा खरं तर हो शहराच्या बाहेर, एका खेड्यात आहे. पण ते सांगितलं तर विनोद बिघडतो, म्हणून दिलीप मला सांगू देत नाही.

चिंचवडच्या शाळेत मी वीसेक वर्षं कॉम्प्युटर शिकवला. मग दिलीपला आइंडहोवनजवळ नोकरी मिळाली आणि आम्ही न्यूनेन नावाच्या डच गावात आलो. गाव सुंदर आहे, नाही म्हणत नाही. इतकं शांत की कुकरची शिट्टी झाली तर शेजारीण दार वाजवून विचारते, सगळं ठीक आहे ना? डच मी शिकले. पाव आणण्यापुरतं, डॉक्टरकडे कुरकुर करण्यापुरतं. पण वर्गात उभं राहून पोरांना झापण्याइतकं डच काही मला आलं नाही, आणि झापल्याशिवाय शिकवता येतं यावर माझा विश्वास नाही. त्यामुळे शाळा संपली. सकाळी दिलीप ऑफिसला गेला की मी खिडकीशी उभी राहायचे आणि समोरून दप्तरं लावून सायकलवर जाणारी पोरं बघायचे. मला वर्ग हवा होता. गोंगाटासकट, घामाच्या वासासकट, "मॅडम, ह्यानं माझा माऊस घेतला"सकट हवा होता.

मग आनेमीक भेटली. ती इथे एक छोटी संस्था चालवते. आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइककडच्या ऑफिसांनी टाकून दिलेले लॅपटॉप गोळा करायचे, दुरुस्त करायचे, रॉटरडॅमहून बोटीने घानाला पाठवायचे, आणि दर मंगळवारी दुपारी इथून व्हिडिओवर तिथल्या माध्यमिक शाळेतल्या मुलांना शिकवायचं. दुरुस्तीला योरिस नावाचा एक उंच, अबोल माणूस होता. शिकवायला कोणी टिकत नव्हतं. मी टिकले.

सुरुवातीला काय धमाल! योरिसने लॅपटॉपची भाषाच बदलली नव्हती. सगळे मेनू डचमध्ये. घानातली पोरं 'सेव्ह' म्हणायच्या ऐवजी 'ओप्स्लान' म्हणायला लागली आणि फाइल पुसली की "मॅडम, प्रुलेनबाकमध्ये गेली!", म्हणजे कचऱ्याच्या डब्यात गेली, म्हणून ओरडायला लागली. मी योरिसला फैलावर घेतलं. तो म्हणाला, बदलतो. पोरं म्हणाली, बदलू नका, आता पाठ झालंय. असू दे बापडं, म्हटलं.

खरा घोळ पहिल्याच तासाला झाला होता. तास संपला तशी मी सवयीने म्हणाले, "ओके चिल्ड्रन, आय ॲम कमिंग," आणि लॅपटॉप मिटला. आता निघताना 'जाते' कोण म्हणतं? आजी असती तर एक टपली मारली असती. माझ्या डोक्यातलं 'येते हं' इंग्रजीत उतरलं, एवढंच. पुढच्या मंगळवारी झिफा नावाची मुलगी उभी राहिली. सडपातळ, कपाळावर कायम एक आठी, माझ्यासारखीच.

"मॅडम, तुम्ही येते म्हणालात. आम्ही थांबलो होतो."

तिकडे 'आय ॲम कमिंग' म्हणजे 'एका मिनिटात आलेच', असं निघालं. पोरं पडद्याकडे बघत बसून राहिली. त्यांचे सेलोर्म सर घरी जा म्हणाले तरी उठेनात. शेवटी वीज गेली तेव्हा उठली. माझी वाट बघत कोणीतरी बसलं होतं आणि मी इकडे वांग्याचं भरीत करत होते! मग मी त्यांना सगळं समजावलं. आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, कारण परत यायचं असतं.

झिफाने थोडा विचार केला. "म्हणजे तुमच्याकडे कोणी कधी जातच नाही?"

"जातात गं. बोलून दाखवत नाहीत."

पोरांना ते भलतंच आवडलं. तेव्हापासून तास संपला की अख्खा वर्ग एका सुरात "आय ॲम कमिंग" म्हणायचा, हसायचा, आणि मग पडदा काळा व्हायचा. सेलोर्म सरही म्हणायचे.

यंदा शाळेने कॉम्प्युटरसाठी नवी खोली बांधली. उद्घाटन ऑक्टोबरमध्ये. संस्था एका माणसाला पाठवणार, असं आनेमीकने सांगितलं तेव्हा मी जो हात वर केला तो खाली घेतलाच नाही. निर्णय व्हायचा होता, पण मी पिवळ्या तापाची लससुद्धा टोचून आले. दंड ठणकत होता आणि मी त्या ठणक्यावरही खूश होते. दिलीप म्हणाला, "जा की बिनधास्त. मी काय उपाशी मरतोय का? कोपऱ्यावर अल्बर्ट हाइनचं दुकान आहे आणि तुझं लोणचं आहे." रात्री झोपताना मी मनातल्या मनात त्या वर्गात शिरायचे. दारातून आत, पोरं उभी राहिलेली, आणि मी म्हणतेय, बसा रे बसा. एवढंच मला हवं होतं. कॅमेऱ्यात न मावणारी पोरं बघायची होती. झिफाची उंची किती, हेही मला माहीत नव्हतं.

आणि नेमकी तिथे माशी शिंकली. शाळेत नवीन हेडमिस्ट्रेस आल्या होत्या, त्या एका मंगळवारी तासाला येऊन बसल्या. तास संपताना मी नेहमीसारखं म्हणाले, आय ॲम कमिंग. पोरांना माहीत होतं, बाईंना कुठे माहीत! त्यांनी संस्थेला आभाराची लांबलचक ई-मेल पाठवली. मॅडम स्वतः येते म्हणाल्या, आम्हाला फार आनंद झाला. शिक्षकांच्या घरातली एक खोली रंगवायला घेतली आहे. मॅडम मांस खात नाहीत असं मुलांकडून कळलं, तेव्हा चवळीची उसळ आणि तळलेली केळी चालतील का?

आनेमीकने मला बोलावून ती ई-मेल दाखवली. उसळीपर्यंत आले आणि माझे डोळे भरले. पण तिचा चेहरा कडक होता.

"मंजूषा, निर्णय झालेला नाही. तू त्यांना वचन कसं दिलंस?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मी वचन दिलं नाही! मी निरोप घेतला!"

"येते म्हणून?"

"आमच्यात येते म्हणजे जाते."

तिने ई-मेल पुन्हा एकदा वाचली. "मग खरंच येत असता तेव्हा काय म्हणता?"

"आले."

"यायच्या आधीच?"

"हो! कोणी हाक मारली की स्वयंपाकघरातूनच ओरडतो आम्ही, आले आले!"

आनेमीकला हसू आवरेना. मग मलाही आवरेना. हसता हसता तिने कॉफी ओतली आणि विचारलं, "तुला फार जायचंय का?"

"फार," मी म्हणाले. एवढ्या जोरात म्हणाले की पलीकडच्या खोलीतून योरिस डोकावला. तो कधी नव्हे ती तीन-चार वाक्यं सलग बोलला. नव्या खोलीतलं काम अर्धवट सोडून तिथला वायरमन गायब झालाय. केबल नुसती भिंतीशी पडलीय. लॅपटॉप मांडले तरी एकालाही इंटरनेट मिळणार नाही. माहीतगार माणसाने जाऊन आठवडाभर काम करायला हवं. एवढं बोलून तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

आता गंमत बघा. वर्षभर मीच तर बोंब मारत होते! सेलोर्म सरांच्या एका मोबाइलवरून सगळ्या वर्गाला इंटरनेट वाटतात, एक पान उघडेपर्यंत पोरं जांभया देतात, तिथे धड लाइन टाका, आधी लाइन टाका, मग बाकीची सजावट करा, असं मी प्रत्येक बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. आनेमीकने कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवला. हे डच लोक असेच. सगळ्यांना गोल बसवतात, कॉफी देतात, आणि मग तुमचा गळा तुमच्याच हातात देतात.

"योरिसला पाठवा," मी म्हणाले.

सायकल काढली आणि निघाले. शेतांच्या कडेकडेने रडत घरी आले. इथल्या वाऱ्यात सायकलवर सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे कोणी थांबून विचारत नाही. दिलीपने चहा टाकला. म्हणाला, "आपण आपलं तिकीट काढू. पाहुणी म्हणून जा."

"पाहुणी म्हणून जाऊन काय करू? हार घालून घेऊ? मला शिकवायला जायचं होतं रे. आणि नेटच नसेल तर शिकवणार काय, डोंबल?"

"मग पुढच्या वर्षी जाऊ."

पुढच्या वर्षी त्याचं इथलं काम संपतंय आणि आम्ही चिंचवडला परत जातोय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी चहा प्यायले.

मंगळवारी पोरांना सांगायचं होतं. आडवळणाने सांगायला मला जमत नाही. तास सुरू होताच म्हणाले, "चिल्ड्रन, लिसन. आय ॲम नॉट कमिंग."

आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या! बाकं बडवली, कोणीतरी शिट्टी मारली. मला काही कळेना. बाई येणार नाही तर एवढा आनंद? मग ट्यूब पेटली. मीच शिकवलं होतं ना, येते म्हणजे जाते. मग येत नाही म्हणजे जात नाही. मॅडम आज जाणारच नाहीत, आपल्याजवळच राहणार, असं समजून ती टाळ्या पिटत होती.

"नाही रे," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. मग इंग्रजीत समजावलं. वायर, योरिस, उद्घाटन, एकच तिकीट. टाळ्या एकेक करत थांबल्या. झिफाला सगळ्यांच्या आधी कळलं. ती खाली बसली आणि वहीचं पान उगाच सरळ करत राहिली. त्या दिवशी मी काय शिकवलं, देवाला ठाऊक. तास संपताना कोणीच 'आय ॲम कमिंग' म्हणालं नाही, मीही म्हणाले नाही. पडदा काळा झाला आणि मी त्यात माझंच तोंड बघत बसले.

योरिस गेला, आठवडाभर खपला आणि लाइन सुरू झाली. उद्घाटनाच्या दिवशी मी इथे ठेवणीतली साडी नेसून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. दिलीप हसला नाही, शहाणा आहे. तिकडे मला दाखवणारा लॅपटॉप आधी हेडमिस्ट्रेसच्या टेबलावर होता. मग पाहुण्यांना जागा हवी म्हणून कोणीतरी तो खिडकीत ठेवला. भाषणं मी ऐकली, पण मला दिसत होतं ते फक्त आंब्याचं झाड आणि त्याखाली बांधलेली एक शेळी. इतका राग आला म्हणून सांगू! एकदा वाटलं, मिटून टाकावा लॅपटॉप.

भाषणं संपली, पाहुणे जेवायला गेले. खिडकी हलली, झाड गेलं. कोणीतरी मला उचललं होतं. छत दिसलं, पंखा दिसला, आणि मग झिफाचा चेहरा, अगदी जवळ. तिने लॅपटॉप मागच्या बाकावर ठेवला, दोन लहान पोरांच्या मधे. मग ती पुढे गेली. पुढे जाताना मी तिला पहिल्यांदा पायांपर्यंत बघितलं. चांगली उंच आहे हो! फळा तिच्या खांद्याला लागत होता.

पहिल्या वर्षाची नवी पोरं बसली होती आणि ती त्यांना शिकवत होती. वेबसाइटचा पत्ता खरा की खोटा, ते कसं ओळखायचं. उजवीकडून डावीकडे वाचा, आधी गाव बघा, मग गल्ली, मग घर. माझंच वाक्य. एका पोराने खोडी काढली तर तिने खडू आपटून असं झापलं की माझ्या शेजारचा मुलगा ताठ बसला. मीही ताठ बसले. योरिसने ओढलेल्या वायरीतून तिचा शब्दन् शब्द स्वच्छ येत होता. तिला माझी काही गरज उरली नव्हती. मला आनंद झाला आणि रडूही आलं. आता तास संपेल आणि ही पोरं उठतील, एवढीच भीती वाटत होती.

झिफाने हात झटकले आणि विचारलं, "समजलं का सगळ्यांना?"

सगळे ओरडले, येस मॅडम. तिने मागे बघितलं. "मागच्या बाकावर?"

मी माइक सुरू केला. "नाही समजलं," मी म्हणाले. "परत एकदा सांग."

पोरं माझ्याकडे वळली. झिफा एकटक पडद्याकडे बघत राहिली. हे सगळं तिला कोणी शिकवलं होतं, ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं. ती हसली नाही. तिने फळा पुसला, नवा खडू घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागली.