दुसऱ्या तुकडीचे गुण

तळवड्याच्या चौकात रणजीतरावांनी फ्लेक्स लावला, तो लेकीला न विचारताच. ‘आमच्या उत्कर्षाच्या अॅपमुळे पाचवीच्या मुलांचे गणिताचे गुण दुप्पट!’ खाली अख्ख्या भावकीचे फोटो.

उत्कर्षा ऑफिसातून आली ती तडक त्यांच्यापुढे उभी राहिली. “पप्पा, तो फ्लेक्स आजच उतरवा.”

“का गं? खोटं हाय का त्यात काय?”

“गुण वाढले हे खरं. पण ते आमच्या अॅपनं वाढवले, हे कुठे सिद्ध झालंय?” गावच्या शाळेनं त्याच वर्षी सगळ्या पाचवीला गणिताचा जादा तास सुरू केला होता. अॅप मात्र एकाच तुकडीला मिळालं होतं. तिनं दुसऱ्या तुकडीचे गुण मागवले, तर तेही तेवढेच वाढलेले!

रणजीतरावांचं चारचौघांत हसं होणार होतं. तरी माणसं धाडून त्यांनी फ्लेक्स उतरवला.

शनिवारी शाळेत संस्थाचालकांची बैठक होती. सगळ्या शाखांसाठी अॅप घ्यायचं का, हे ठरायचं होतं. गावकऱ्यांनाही बोलावलं होतं; रणजीतराव मागच्या रांगेत जाऊन बसले. उत्कर्षाच्या कंपनीचे मालक निमिष यांनी पडद्यावर चढता आलेख दाखवला. मुख्याध्यापिका अरुंधतीबाईंनी विचारलं, “आणि दुसऱ्या तुकडीचं काय?”

“ती माहिती अजून हातात...”

“आहे सर, माझ्याकडे आहे,” म्हणत उत्कर्षा उठली. तिनं दोन्ही तुकड्यांच्या रेषा दाखवल्या. जवळजवळ एकीवर एक. “यावरून आमच्या अॅपनं फरक पडला असं म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी अॅप कुठल्या वर्गांना द्यायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. परीक्षाही आम्ही नको, तुम्हीच घ्या. फरक दिसला, तरच विकत घ्या.”

निमिष यांचा चेहरा पडला. पोरीची नोकरी गेली, असंच रणजीतरावांना वाटलं.

अरुंधतीबाईंनी चष्मा काढला. “आलेख घेऊन तर सगळेच येतात. स्वतःच्या मालाबद्दल असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. चाचणी आमच्याच शाळांत करा.”

निमिष यांनी पडद्यावरचा आलेख बंद केला. मग म्हणाले, “चाचणी उत्कर्षाच आखेल.”

शेजारी बसलेल्या, दुसऱ्या शाखेच्या जयसिंगरावांनी रणजीतरावांना कोपरानं ढोसलं. “पाव्हणं, कुणाची म्हणायची ही पोर?”

“माझी हाय!” रणजीतराव एवढ्या मोठ्यानं बोलले, की पुढच्या रांगांतली माणसं वळून बघायला लागली.