फुंकरबाबांना गुदगुल्या झाल्या

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर टेलरकाका खुर्चीत बसलेले, उजवा पाय स्टुलावर, आणि फुंकरबाबा गाल फुगवून त्यांच्या तळपायावर फुंकर मारतायत. मग बाबांनी सुई उचलली आणि खचकन टोचली.

"दुखलं?"

"छे! कळलंसुद्धा नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"या पायांची रात्रंदिवस आग व्हायची," बाबा गरजले. "आम्ही फुंकरीने विझवली! याने देह जिंकलाय! आता गोळ्या गटारात!"

टेलरकाकांनी आज्ञा शब्दशः पाळली. मधुमेहाच्या गोळ्या गटारात गेल्या आणि काका छाती काढून हिंडू लागले. काकूंना मात्र त्यांच्या मोज्यांचा भलताच वास येऊ लागला. "देह तुम्ही जिंका, मोजे मी धुवायचे," असं म्हणत त्यांनी नवऱ्याला दवाखान्यात ओढत नेलं.

ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर पायाआधी बूट बघत. उजव्या बुटाच्या तळातून टाचणीचं टोक वर आलं होतं. मोजा काढला, तर अंगठ्याखाली पू भरलेली जखम.

"काका, हे कधी झालं?"

"काय कधी झालं?"

सिस्टरांनी कापसाचा बोळा उचलला. "डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणा."

काका ध्यानस्थ बसले. सिस्टरांनी अंगठ्याला, चवड्याला, टाचेला कापूस लावला. काका गप्प. शेवटी तेच वैतागले, "अहो, सुरू करा की!"

"झालंसुद्धा."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बिघडतात," सिस्टर म्हणाल्या. "आधी आग होते, मग हळूहळू काही कळेनासंच होतं. घरचा कुत्रा भुंकायचा थांबला म्हणजे चोर गेला असं नसतं, काका. आधी कुत्रा जिवंत आहे का ते बघायचं."

"पण बाबांनी सगळ्यांसमोर सुई..."

"सगळ्यांना टोचतात?"

काकूंचे डोळे विस्फारले. "नाही हो! चेला रांगेतच विचारतो, साखर आहे का, पाय बधिर वाटतात का. 'हो' म्हणेल त्यालाच वर बोलावतात!"

डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधं सुरू केली आणि बजावलं, आणखी उशीर झाला असता तर पाय गमवावा लागला असता. काकांनी पट्टी बांधलेला पाय जपून खाली ठेवला. मग म्हणाले, "सिस्टर, पुढच्या सभेला माझ्याबरोबर चला. मी चारचौघांत फसलोय, उलगडाही चारचौघांत व्हायला हवा."

सभेत काका काठी टेकत उभे राहिले. "बाबा, या सिस्टरांना तुमचे चरण बघायचेत."

चरण म्हटल्यावर बाबा खुलले, पाय पुढे केला. सिस्टरांनी सुई घेतली नाही. कापसाचा बोळा घेतला आणि तळपायावरून अलगद फिरवला.

"ही ही ही!" बाबांनी पाय झटकला, स्टूल कोलमडलं. मग मागच्या रांगेतल्या एका आजी फस्सकन हसल्या आणि सगळं सभागृह खदखदलं.

"घाबरू नका, बाबा ठणठणीत आहेत," सिस्टर म्हणाल्या. "काळजी करायची ती ज्यांना गुदगुल्या होत नाहीत त्यांनी."

बाबांना तेवढ्यात समाधीची वेळ आठवली. मागच्या दाराने गेले, एक खडाव तिथेच विसरून.

लोक एकेक करून बूट-चपला काढून आपापले तळपाय बघू लागले. सिस्टर काकांकडे वळल्या. "आता घरी काय करणार, सांगा."

"तुम्ही म्हणाल ते."

"असं नाही चालायचं. तुमच्या तोंडून ऐकू दे."

काकांनी घसा खाकरला. "रोज आरशात तळपाय बघायचे. बुटात हात घालून... नको, टाचणी असायची! बूट आधी उलटा करून झटकायचा, आत नीट बघायचं, मगच घालायचा. अनवाणी हिंडायचं नाही. अंघोळीचं पाणी कोपराने तपासायचं, पायाने नाही. गोळी चुकवायची नाही. आणि जखम दिसली, तर दुखत नसली तरी तडक दवाखान्यात."

"शाब्बास!"

मंडळी, दुखणं एकाएकी गेलं तर आनंद जरूर माना, पण का गेलं तेही विचारा. आणि कुणाच्या पाया पडायच्या आधी स्वतःचे पाय एकदा नीट बघून घ्या.