झोंबणाऱ्या चेहऱ्यांना वारा घालताना

मित्रांनो, मी एक जुना, वीतभर उंचीचा पंखा आहे. मुलुंड पूर्वेला फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर डॉ. प्रांजल यांचा त्वचेचा दवाखाना आहे. तिथे मी नोकरीला आहे. काम एकच, चेहऱ्यांना वारा घालणं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? बरीच वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

माझा जन्म वसईच्या एका गाळ्यात झाला. माझी भावंडं कुणी टॅक्सीत गेली, कुणी इस्त्रीवाल्याच्या टपरीत. माझ्या वाट्याला सुंदर होऊ पाहणारी माणसं आली. इथे 'पील' नावाचा उपचार करतात. चेहऱ्यावर ब्रशने पातळ आम्ल लावायचं, काही मिनिटं ठेवायचं आणि मग दुसऱ्या द्रावणाने ते शांत करायचं. पुढच्या काही दिवसांत वरची निस्तेज कातडी हलकेच सुटते, खालची ताजी दिसू लागते, डाग फिके होतात. आम्ल म्हटल्यावर दचकू नका. जाणत्या हातात ते शहाण्यासारखं वागतं. फक्त झोंबतं, आणि तेवढ्यासाठी मी.

शेजारच्या खोलीत लेझरचं यंत्र राहतं. त्याला स्वतंत्र एसी आहे, झाकायला वेलबुट्टीची चादर आहे, आणि भिंतीवर त्याचा फोटोसुद्धा लावलाय. माझा फोटो कुणी काढलेला नाही. माझ्या पात्यांवर धुळीचा थर साचतो. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मला भंगाराच्या पिशवीत टाकलं होतं. डॉक्टरांच्या मदतनीस रश्मी यांनी बाहेर काढलं. "असू दे गं याला," त्या झाडणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "नवा पंखा नुसता आवाज करतो, वारा देत नाही." माझं आजवर झालेलं कौतुक ते एवढंच.

भांडुपच्या सुगंधाकाकू पीलसाठी आल्या, तो दिवस मात्र मी विसरणार नाही. त्यांच्या मुलाचं, केयूरचं, लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. काकूंच्या गालांवर वांगाचे डाग होते आणि कपाळावर उन्हाचा काळपट पट्टा. साखरपुड्याच्या फोटोंत फोटोवाल्याने ते सगळं परस्पर पुसून टाकलं होतं, आणि सोबत हनुवटीवरचा तीळही.

"नणंद विचारते, केयूरची आई आली नव्हती का गं?" काकू खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या.

"काकू, पीलने गोऱ्या होणार नाही हं तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचाच रंग एकसारखा होईल."

"मला माझ्यासारखंच दिसायचंय गं. फक्त झोप झाल्यासारखं."

आधीच्या भेटीत डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं: पीलच्या आधी ब्लीच नको, थ्रेडिंग नको, चेहऱ्याला काही चोळायचं नाही, नाहीतर आम्ल खोलवर जाऊन कातडी भाजते. आता हातात ब्रश घेऊन त्यांनी पुन्हा विचारलं, "काही केलं नाहीत ना?"

"छे, छे!" काकू म्हणाल्या. त्या दोनदा 'छे' म्हणाल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मी पंखा आहे.

डॉक्टरांनी कपाळावरून सुरुवात केली. रश्मींनी मला चालू केलं.

"काकू, दहापैकी किती झोंबतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन."

मी काकूंच्या अगदी समोर होतो. त्यांच्या पायाची बोटं चपलेत आवळली होती. हाताने त्यांनी खुर्चीचं रेक्झिन इतकं घट्ट धरलं होतं की त्याला सुरकुत्या पडल्या. मला ओरडून सांगायचं होतं. पण मला फक्त वारा येतो, शब्द येत नाहीत. ब्रश गालाकडे वळला. गालांवर वांग होतं, आणि ज्याच्यासाठी काकू आल्या होत्या तेच आता भाजून कायमचं काळं पडण्याची पाळी आली होती.

पडद्यापलीकडे, बाहेरच्या बाकावर, काकूंचे यजमान जयवंतराव बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

"किती म्हणाली?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

"दोन म्हणाल्या, काका," रश्मींनी सांगितलं.

"मग सात-आठ धरा. केयूरच्या वेळी कळा येत होत्या, तेव्हा नर्सला म्हणाली, थोडंसं होतंय, तुम्ही आधी चहा घ्या."

"अहो, तुम्ही गप्प बसा!" काकू आतून म्हणाल्या.

"गप्प काय गो? सकाळी पार्लरला जाऊन आलीस ता सांगितलंस काय डॉक्टरांका?"

डॉक्टरांचा ब्रश गालापासून बोटभर अंतरावर थांबला.

"काकू, ब्लीच?"

"थोडंसंच," काकू म्हणाल्या.

मग जे झालं ते भराभर झालं. डॉक्टरांनी आम्ल शांत करायचं द्रावण कपाळावर मारलं, त्याचा पांढरा फेस आला. थंडगार पाण्याच्या घड्या आल्या. "पंखा जवळ, अजून जवळ!" रश्मींनी मला इतकं पुढे धरलं की काकूंच्या पापण्या फडफडल्या. माझी पाती आयुष्यात तशी फिरली नव्हती. लेझरचं यंत्र शेजारी चादरीखाली झोपलं होतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी घडी उचलून वाकून पाहिलं. कपाळ गुलाबी झालं होतं. फोड नव्हता. गाल जसेच्या तसे होते.

"वाचलो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मास्क खाली ओढला, रश्मींच्या हातातून मला घेतलं आणि स्वतःच्याच चेहऱ्यावर वारा घेत स्टुलावर बसून राहिल्या. डॉक्टरांना वारा घालायची माझी ती पहिलीच वेळ.

"पण का केलंत काकू?"

"डॉक्टरकडे असं तोंड घेऊन कसं यायचं? म्हटलं, जरा बरं करून जावं."

"ही तर भांडीवाली येण्याआधी भांडी विसळून ठेवते," जयवंतराव पडदा बाजूला करून म्हणाले. मग कपाळाकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. "खूप दुखतंय काय गो?"

काकू हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता नाय," त्या म्हणाल्या. मी इतक्या जवळ होतो की सांगू शकतो, हे खरं होतं.

कपाळ पुरतं बरं झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी काकू तेल लावलेल्या वेणीसह, जशा होत्या तशा आल्या. सौम्य पील लावलं.

"दहापैकी किती?"

काकूंनी थोडा विचार केला. "साडेचार."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं.

"साडेचारच," बाहेरून आवाज आला.

मित्रांनो, माझी विनंती मोठी नाही. घरात पंखा असेल तर अधूनमधून त्याची पाती ओल्या फडक्याने पुसत जा, मळलेल्या पात्यांनी कुणाला गारवा देता येत नाही. आणि तुम्हाला कुणी विचारलं, किती झोंबतंय, तर खरा आकडा सांगत जा. पडद्यापलीकडे दर वेळी कुणी बसलेलं असेलच असं नाही.