समोरची लाइट

थोरली स्टुलावर चढली, खांद्यावरचं वायरीचं वेटोळं सोडवलं आणि त्याचं एक टोक टेलरबाईच्या खिडकीच्या गजांतून आत सरकवलं.

"पडाल, बाई," आतून टेलरबाई म्हणाली.

"पडले तर तुझ्याच दारात पडेन. तेवढी पिन घाल आत."

इतक्या वर्षांत दोघींमधलं हे पहिलं बोलणं. टेलरबाईने एकदा थोरलीच्या कपड्याची बाही आखूड शिवली होती आणि वर म्हणाली होती, "बाही मापाचीच आहे, दंड वाढलेत." त्या दिवसापासून थोरलीने तिचं नाव टाकलं. कपडे शिवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि नवीन काही अंगावर चढलं की मुद्दाम टेलरबाईच्या खिडकीसमोरून चार फेऱ्या मारायची. आज मात्र नाक मुठीत धरून यावं लागलं होतं.

रस्ता एकच, पण त्याच्या दोन बाजूंना लाइन वेगवेगळी. समोरच्या घरांची लाइन पुढे साहेबलोकांच्या वसाहतीत जायची, म्हणून तिच्यातली लाइट कधी जात नसे. अलीकडची लाइन कुणा मोठ्या माणसाच्या दारात जात नव्हती, म्हणून तिच्यातली लाइट रोज जायची. संध्याकाळी समोरच्या घरांत पंखे फिरताना दिसायचे आणि अलीकडची माणसं पायऱ्यांवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत ते बघत राहायची.

अलीकडच्याच बाजूला थोरलीची पिठाची गिरणी होती. लोकांचे धान्याचे डबे रांगेत तसेच उभे राहायचे, गिऱ्हाईक कुरकुर करायचं. तो ताप ती वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून निभावून न्यायची. पण मागच्या खोलीत धाकटी जाऊ होती, आणि धाकटीच्या नाकाला हवेची नळी होती. नळीच्या टोकाला मशीन, आणि मशीनला लाइट. लाइट गेल्यावर लावायची हवेची टाकी आज सकाळीच संपली होती. टाकीवाला म्हणे संध्याकाळी येणार. मशीनवाचून धाकटीचं थोडा वेळ भागायचं. फार वेळ नाही.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. आधी एक गेला, मग दुसरा. मुलं पोटामागे पांगली. एवढ्या मोठ्या घरात उरल्या या दोघी, भांडायला आणि जेवायला.

वायर रस्त्यावरून उंच ताणून थोरली घरात आली. मशीन घुरघुरायला लागलं. धाकटीच्या ओठांवरचा निळेपणा हळूहळू उतरला.

"कुणाची लाइट आहे ही, जाऊबाई?"

"टेलरीणीची."

धाकटीने डोळे मोठे केले. "म्हणजे आखूडच असणार."

थोरली तोंड फिरवून हसली. "गप पड. फुकटचा श्वास मिळालाय तो असा उधळू नकोस."

तेवढ्यात दारात गलका झाला. अलीकडची सगळी बाजू रस्त्यावर उतरली होती. पुढे सुतार होता. त्याची करवत चार दिवस धड फिरली नव्हती.

"थोरलीबाई, चला. लाइटच्या ऑफिसवर निघालोय. आज काय ते एक घाव दोन तुकडे."

"माझ्या घरात आजारी माणूस आहे, बाबा."

"तुम्ही नसाल तर तोंड कोण उघडणार? मागच्या वेळी आम्ही गेलो, साहेबाने पाणी विचारलं, आम्ही पाणी पिऊन परत आलो."

लोक हसले. थोरलीला ते ऐकून आतून बरंच वाटलं. तिने धाकटीकडे पाहिलं.

"जा तुम्ही," धाकटी म्हणाली. "मशीन चालू आहे. नाहीतर दिवसभर इथे बसून ती सगळी बोलणी मलाच ऐकवाल."

समोरच्या खिडकीतून टेलरबाईने हात केला. "जा, बाई. मी येऊन जाऊन बघते."

थोरलीने बाह्या सावरल्या आणि निघाली.

ऑफिस चौकापलीकडेच होतं. साहेब वयाने तरुण, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता. आत शिरलेल्या माणसांनी आधी त्या पंख्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"वरूनच कमी येते," तो म्हणाला. "कुठेतरी कापावी लागते. मी घरी तयार करत नाही वीज."

"कुठेतरी म्हणजे दरवेळी आमच्याच उरावर?" थोरली म्हणाली. "समोरच्यांनी काय पुण्य केलंय? त्यांच्या पोरांना घाम येतो आणि आमच्यांना काय अत्तर येतं?"

माणसं खिदळली. साहेबाच्या कपाळावर आठी पडली.

"तुम्हाला नक्की काय हवंय, आजी?"

आजी म्हटल्याचा तिला राग आला. आणि जे वाक्य तिने कित्येक महिने बंद गिरणीच्या ओट्यावर बसून मनातल्या मनात दळून ठेवलं होतं, ते एकदाचं बाहेर आलं.

"हवी तर लाइटच होती. पण नाहीच म्हणतोस ना? मग दोघांनाही नसू दे. समोरच्यांचीही घालव. आमच्यासमोर, आत्ता. तू खरं बोलतोस ते तेव्हा कळेल आम्हाला."

मागून टाळ्या पडल्या. "घालवा! त्यांचीही घालवा!" साहेब सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग, दिवसभर ओझं वाहून खाली ठेवावं तसा, त्याने खांदा सैल सोडला आणि फोन उचलला. दोनच शब्द बोलला.

थोड्याच वेळात सुताराचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि हात वर केला.

"गेली! समोरची गेली!"

कुणी शिट्टी घातली. कुणी थोरलीच्या पाठीवर थाप मारली. कुणाच्या तरी बायकोने तिचा हात हातात घेऊन दाबला. थोरलीही हसत होती. "बघितलंस," असं काहीतरी ती साहेबाला म्हणायला गेली, आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"लाव," ती म्हणाली.

"काय?"

"लाव परत. साहेब, लावा लाइट."

"आत्ता तर तुम्हीच..."

"माझी जाऊ आहे तिकडच्या लाइटवर. वायर टाकलीय मी."

साहेबाने पुन्हा फोन उचलला. बोलता बोलता तो उभाच राहिला. "एकदा उतरवली की लगेच चढत नाही, आजी. सांगितलंय. चढवताहेत."

पण थोरली तोवर पायऱ्या उतरली होती. या वयात ती धावत नसे. धावणाऱ्या बायकांना ती नावं ठेवायची. चौकात एका गाडीवाल्याने तिला शिवी हासडली आणि तिने उलटून दिली नाही.

मागच्या खोलीत टेलरबाई पलंगावर बसली होती. धाकटीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. कपडे बेतायच्या पुठ्ठ्याने ती वारा घालत होती. थोरलीला बघून तिचा हात थांबला.

"कधी गेली?" थोरलीने विचारलं.

"लाइट?"

थोरलीची नजर धाकटीच्या चेहऱ्यावर होती.

"लाइटच्या मागोमाग," टेलरबाई म्हणाली. "मी आले तेव्हा नळी हातात धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, येईल हो आता."

थोरली पलंगाच्या कडेला बसली. धाकटीच्या गालावर नळीचा वळ उमटला होता. तो ती अंगठ्याने पुसत राहिली, पीठ पुसावं तसा. पुसला जात नव्हता.

समोरच्या घरांतून ओरडा झाला. "आली!" मशीन एकदा थरथरलं आणि घुरघुरायला लागलं. नळीतून फुस्स करून हवा येऊ लागली. टेलरबाईने बटणाकडे हात नेला. थोरलीने तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

बाहेर पावलं वाजली, हसणं, गलका. सगळी बाजू परत आली होती. थोरली उठली आणि आतल्या दारात जाऊन उभी राहिली. तिच्या अंगाने दार भरून गेलं.

"थोरलीबाई, साहेब नमला," सुतार म्हणाला. धाप लागली होती तरी चेहरा फुलला होता. "आता अर्धा दिवस त्यांची, अर्धा दिवस आपली. सारखी वाटणी. हे सगळं तुमच्या एका वाक्याने झालं. आमच्या बापजाद्यांना जमलं नसतं." मग त्याला आठवलं. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

त्याने मान वाकडी करून कानोसा घेतला. आत मशीन घुरघुरत होतं. त्याचा चेहरा निवळला.

"चालू आहे. चला, वेळेवर आली."

मागच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. एकीच्या कडेवर लेकरू होतं. ते घामाने भिजून शांत झोपलं होतं. थोरलीने त्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. तिच्या पाठीमागे टेलरबाईने हुंदका गिळला.

"हळू बोला," थोरली म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

सुताराने चटकन तोंडावर हात ठेवला आणि मागे वळून सगळ्यांना खूण केली. माणसं चपला हातात घेऊन पायऱ्या उतरली. रस्त्याने जाताना कुणाला हसू फुटलं की बाकीचे त्याला लगेच गप्प करत होते.