गोटीरामच्या सुरीवरचा ठसा

करावे गावच्या समाजमंदिरात दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा फलक लागणार होता. त्यात पुतळाबाईंच्या वडिलांचं, गोटीरामचं नाव घालायला पुतळाबाईंचा चुलतभाऊ, फलकाच्या समितीतला विलास तयार नव्हता.

"काका इटलीला गेलाच नाय. गोदीत हमाली करत होता," असं तो चारचौघांत सांगायचा.

घरात कागद एकही उरला नव्हता. उरली होती फक्त एक सुरी, गोटीरामने मेलेल्या जर्मन शिपायाच्या अंगावरून काढून आणलेली. ती पारखायला पुतळाबाईंनी तळवलीच्या हरेशला बोलावलं. वीस वर्षं तो जर्मन युद्धसुऱ्या जमवत होता.

रविवारी सकाळी समाजमंदिरात पंधरा-वीस माणसं टेबलाभोवती जमली. हरेशने भिंग डोळ्याला लावलं. तीन खिळ्यांची लाकडी मूठ, लोखंडी म्यान, बुटात अडकवायची पट्टी. सगळं जुळत होतं. पात्याच्या मुळाशी पंख पसरलेला गरुड आणि खाली पाचाचा आकडा. जर्मन हवाई दलाचा ठसा.

"बोला की," विलास म्हणाला.

हरेशने पातं उजेडात तिरकं धरलं. गंजाने त्याला बारीक खड्डे पडले होते आणि गरुडाच्या पंखाखाली एका खड्ड्याची कड दबली होती. म्हणजे गंज आधीचा, ठसा नंतरचा.

हरेशने भिंग खाली ठेवलं. पुतळाबाई एकटक त्याच्याकडे बघत होत्या. शेजारी त्यांचा मुलगा कल्पेश, तुर्भ्याच्या लेथ कारखान्यात कामाला असलेला, मान खाली घालून उभा होता.

"मावशी, हा ठसा खोटा आहे. अलीकडेच मारलाय कुणीतरी."

विलासने टाळी वाजवली. "ऐकलं ना सगल्यांनी?"

"थांबा! सुरी खोटी आहे असं म्हटलं नाही मी. कितीतरी खऱ्या सुऱ्यांवर ठसाच नसायचा. ही तशीच होती."

पण माणसं उठायला लागली होती.

"मीच मारला, आई," कल्पेश पुटपुटला. "नेटवर फोटो बघितला. वाटलं, ठसा नसेल तर कोण मानणार?"

पुतळाबाईंनी हात उगारला, पण तो तसाच खाली आला. "माज्या बापाला तुज्या शिक्क्याची गरज होती काय रं?"

फलकावर गोटीरामचं नाव आलं नाही. पलटणीकडून कागद आला तर घालू, एवढं समितीने कबूल केलं.

सोमवारी हरेश रजा टाकून पुतळाबाईंकडे पलटणीला अर्ज लिहायला बसला.

"भरतीचं साल, मावशी?"

"मी तवा जन्मले बी नव्हते. ठावं नाय, असंच लिव."

कल्पेश दाराशी बसून होता. आई अजून त्याच्याशी बोलली नव्हती.