एका तासाची सवलत

उर्सुलाने एक्स-रेच्या पडद्यावरची पांढरी रेघ बोटाने पुसून पाहिली. गेली नाही. मग तिने स्पिरिटचा बोळा घेऊन पुन्हा पुसली. काच लखलखीत झाली आणि रेघ आणखीच उठून दिसायला लागली.

“दाग नहीं है,” मागून डॉक्टर अजरा म्हणाल्या. “आर्टरी है.”

कमरेच्या हाडांमधून दोन्ही मांड्यांकडे उतरणाऱ्या दोन रेघा, कुणी खडूने गिरवाव्यात तशा. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. रक्तवाहिन्या अशा दिसत नाहीत. वसईहून दोह्याला येऊन डायलिसिसच्या वॉर्डात नऊ वर्षं काढलेल्या नर्सला हे कुणी सांगायला नको होतं. फोटोच्या कोपऱ्यात नाव होतं श्रीपतीचं. वय पंचेचाळीस.

“पुणे से मेल आया है,” डॉक्टर म्हणाल्या. “ट्रान्सप्लांट के लिए मना कर दिया. नई किडनी जोडेंगे कहाँ? नली पत्थर हो गई है. सुई नहीं जाएगी.”

उर्सुला खाली बसली. मे महिन्यात श्रीपतीचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्याची बायको विजयालक्ष्मी स्वतःची एक किडनी देणार होती, तिच्या सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. फुटबॉलच्या नव्या स्टेडियममध्ये गार पाण्याचे पाईप टाकणाऱ्या टोळीचा श्रीपती फोरमन. तेवढं काम कंपनीच्या हवाली केलं की तो विमानात बसणार होता.

डॉक्टर अजरांना इथे रुजू होऊन दोनच आठवडे झाले होते. त्या फाईलची पानं मागे मागे उलटत गेल्या.

“फॉस्फरस देखो. यही नली को पत्थर करता है. सोलह महीने से हर महीने हाय. और हर महीने तुमने लिखा है, पेशंट पथ्य नहीं मानता.”

अक्षर उर्सुलाचंच होतं. गोल, एकाखाली एक.

“मानता ही नहीं, डॉक्टर. कॅम्प का खाना है. दाल, दूध, कोला. कितनी बार डाँटा मैंने.”

“और ये?”

डॉक्टरांनी शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मशीनवर घालवलेला वेळ होता. चारच्या जागी तीन तास. पुढच्या पानावर तीन. त्याच्याही पुढे तीन.

उर्सुलाला सोळा महिन्यांपूर्वीचा तो दिवस आठवला. श्रीपती खुर्चीवर टेकून म्हणाला होता, “सिस्टर, मी पाईपातला माणूस. पाणी जोरात सोडलं की टाकी लवकर भरती. तुमी पंप वाढवा अन् मला तीन तासांत मोकळा करा. साडेनवाची बस गावली तर माझा दिवस भरतो. साडेदहाला आमच्या साइटची बसच न्हाई.”

ती हसली होती. वॉर्डात तास कमी करून मागणारे खूप होते. केरळचे होते, नेपाळचे होते, आठ नंबरचा इकबाल तर दर वेळी हात जोडायचा. तिने एकालाही दाद दिली नव्हती. पण श्रीपती मंगळवेढ्याचा. सकाळी सहाला आला की ‘काय सिस्टर, झाला का चहा?’ असं मराठीत विचारणारा सगळ्या वॉर्डात तो एकटा. आपला माणूस म्हणून तिने पंपाचा वेग मुभा होती तेवढा वाढवला, ‘स्वतःच्या मर्जीने लवकर जात आहे’ या कागदावर त्याची सही घेतली आणि तासाभराने लवकर सुया काढल्या. महिनाअखेरीस युरियाचा आकडा छान खाली आला.

“बघा,” श्रीपती म्हणाला होता, “भरली का न्हाई टाकी?”

ती सवलत मग मोडलीच नाही.

“यूरिया छोटा है,” डॉक्टर अजरा आता शांतपणे सांगत होत्या. “पंप तेज करो, भाग के निकल जाता है. फॉस्फेट, यानी यही फॉस्फरस, अपने ऊपर पानी लपेट के चलता है. मोटा हो जाता है. फिल्टर के छेद में से धीरे धीरे जाता है, और शरीर के कोने कोने से धीरे आता है. वो पंप की नहीं सुनता. उसको घंटे चाहिए.”

उर्सुलाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. लहान कण झरझर पार होतात, मोठे रेंगाळतात, हे तिने नर्सिंगच्या परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. दहापैकी आठ मार्क पडले होते. पण ते वहीत राहिलं होतं. वॉर्डात तिने खाली येणारा एक आकडा बघितला आणि वर जाणारा दुसरा आकडा माणसाच्या जिभेवर ढकलून दिला.

“सब इसी से नहीं हुआ,” डॉक्टर म्हणाल्या. “इस बीमारी में होता ही है. लेकिन इससे भी हुआ. उसको मैं बताऊँ?”

“नको. मी सांगते,” उर्सुला म्हणाली. आपण मराठीत बोललो हे तिच्या ध्यानात आलं नाही. डॉक्टरांना ते समजलं असावं. त्यांनी फाईल मिटली.

सात नंबरच्या खुर्चीपर्यंत पंधरा पावलं. जाता जाता तिला तो दिवस आठवला, सगळ्यांसमोर ती त्याला म्हणाली होती, “मला शेंड्या लावू नका, श्रीपतीभाऊ. खाल्लेलं सगळं रक्तात उतरतं.” त्याने मान खाली घातली होती. पुढच्या महिन्यात त्याने चहातलं दूध सोडलं. त्याच्या पुढच्या महिन्यात सुकी मासळी. त्याच्या खोलीत राहणाऱ्या गिरीशने एकदा मुद्दाम फोन केला होता, “सिस्टर, हा गडी भात अन् उकडलेला दुधी खातो हो. आम्ही त्याला महाराज म्हणतो.” त्यावर ती म्हणाली होती, “तुम्ही मित्राची बाजू घेणारच.”

श्रीपती डोळे मिटून पडला होता. दंडापासून निघालेल्या दोन नळ्यांतून रक्त मशीनकडे जात होतं नि परत येत होतं. घड्याळात नऊ वाजून गेले होते.

“आज चार तास,” उर्सुला म्हणाली.

त्याने डोळे उघडले. “अन् बस?”

“जाऊ द्या बस.”

तिने स्टूल ओढलं. नर्सने पेशंटजवळ स्टुलावर बसायचं ते वाईट बातमीलाच, हे चार वर्षांत त्यालाही कळलं होतं. तो सरळ होऊन बसला. तिने सगळं सांगितलं. पुण्याचा नकार, फोटोतल्या रेघा, आणि मग तो तास. कुठेही न थांबता, हातातल्या बोळ्याचा कापूस पिंजत. बोलताना आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे असं तिला वाटत होतं.

श्रीपतीने वरच्या एसीच्या पाईपाकडे पाहिलं.

“म्हंजे आमच्या गेटासारखं,” तो म्हणाला. “रिकाम्या हाताची माणसं कार्ड दाखवून भराभर जात्यात. टूलबॉक्सवाला अडतो. मागनं किती बी रेटा.”

“हो.”

“अन् मी म्हनलं, रेटा.”

“तुम्ही म्हणालात. पण ते मी ऐकायला नको होतं.”

मग एकदम, लहान पोराने विचारावं तसं त्याने विचारलं, “म्हंजे डाळीनं न्हवतं?”

“डाळीनं नव्हतं. तुम्ही खरं सांगत होता. मीच मानलं नाही.”

मोकळ्या हाताने त्याने चेहऱ्यावरून एकदा पंजा फिरवला. तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. विजयालक्ष्मीचा होता. पुण्याचं उत्तर कधी येतं म्हणून ती गावाहून आठवडाभर रोज विचारत होती. एक हात मशीनला अडकलेला, म्हणून त्याने स्पीकर लावून फोन छातीवर ठेवला.

“आलं का पुण्याचं?” बाईने विचारलं.

“आलं. न्हाई म्हनले.”

पलीकडे कुठेतरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

“न्हाई कशापायी? माझ्यात काय निघालं का?”

“तुझ्यात काय न्हाई गं. तू ठणठणीत. माझ्याच नसा खराब झाल्यात.” श्रीपतीने एकदा उर्सुलाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. “माझं चुकलं विजे. जिभेवर ताबा ऱ्हायला न्हाई. मेसमधी खात होतो डाळ-बिळ. सिस्टर कानीकपाळी ओरडत हुत्या. मीच ऐकलं न्हाई.”

उर्सुलाच्या हातातला बोळा खाली पडला.



“सोळा महिने?” विजयालक्ष्मी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट पार खाली गेला होता. “सोळा महिने मी हितं घरात डाळ शिजवली न्हाई. पोरं मागायची तर मी म्हनायची, बाप तिकडं सोसतोय, आपन बी सोसू. अन् तुमी माझ्याशी खोटं बोलत हुता?”

“व्हय,” श्रीपती म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले होते.

उर्सुलाने फोनसाठी हात पुढे केला. त्याने मान हलवली, फोनवर पंजा दाबला आणि इतकंच पुटपुटला, “नोकरी जाईल तुमची. ऱ्हाऊ द्या.”

शेजारी इकबाल कान देऊन ऐकत होता. दाराशी डॉक्टर अजरा येऊन उभ्या होत्या.

उर्सुला स्टुलावरून उठली, त्याचा पंजा बाजूला करून छातीवरच्या फोनवर वाकली आणि म्हणाली, “वहिनी, मी इथली नर्स, उर्सुला. फोन ठेवू नका. ते खोटं आत्ता बोलले.”